तिसऱ्या स्टेजची शेपटी

सणसरच्या दादासोला व्हिडिओ गेम खेळता येत नव्हता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण त्याची हकिकत ऐकली की लोक मान हलवतात आणि म्हणतात, पोरगं गेमच्या नादानं वाया गेलं असणार. वाया जायलासुद्धा अंगात थोडंफार कसब लागतं. दादासोच्या हातात रिमोट दिला की पडद्यावरचा गडी पहिल्याच खड्ड्यात पडायचा. मग मागं ताटकळलेली पोरं त्याच्या हातातून रिमोट काढून घ्यायची आणि तोही खुशीनं द्यायचा.

बारामतीच्या स्टँडसमोर हिंदुरावचं गेम पार्लर होतं. पत्र्याचा गाळा, भिंतीला लावून मांडलेले टीव्ही, प्रत्येकासमोर एक डबा आणि त्यात खुपसलेली कॅसेट. साल सत्त्याण्णव. कॉलेज सुटल्यावर सणसरची गाडी लागेपर्यंत दादासो त्या गाळ्यात जाऊन उभा राहायचा, पडद्याकडे पाठ करून आणि डोळे मिटून. हिंदुरावला पहिल्यांदा वाटलं, पोराच्या घरी काहीतरी बरंवाईट झालंय. मग वाटलं, पलीकडच्या गल्लीतल्या पार्लरवाल्यानं हा माणूस पाळतीवर ठेवलाय. शेवटी न राहवून त्यानं विचारलंच. दादासो म्हणाला, गाणी ऐकतोय. हिंदुरावनं कान देऊन ऐकलं. पार्लर काढल्यापासून तो रोज तिथं बसत होता, आणि इथं गाणी वाजतात हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

दादासोचं म्हणणं असं होतं. त्या डब्याला एका वेळी तीनच सूर काढता येतात आणि चौथा एक फस्सकन आवाज, तो ताल धरायला. एवढ्या भांडवलावर कुणीतरी दूर जपानात बसून गाणं बांधतो. शिवाय ते गाणं किती वेळ चालणार हे बांधणाऱ्याला ठाऊक नसतं. खेळणारा दादासोसारखा असेल तर ओळही पुरी होत नाही, वस्ताद असेल तर तासभर वाजत राहतं. म्हणून त्याला शेवट ठेवायचाच नाही. जिथून निघालं तिथंच गुपचूप परत यायचं आणि ऐकणाऱ्याला पत्ता लागू द्यायचा नाही. दादासो कॉलेजात संगीत घेऊन बी.ए. करत होता. तिथं शिकवलेल्या एकाही रागाला ही अडचण आलेली नव्हती. त्याला हे सगळं फार मोठं वाटायचं, आणि ते कुणाला सांगावं हे कळत नव्हतं.

घरी सांगण्याची सोय नव्हती, कारण घरात गाण्याचं खातं आधीच भरलेलं होतं. दादासोचं घर धनगराचं. पणज्याच्या काळी मेंढरं घेऊन कोकणापर्यंत जाऊन यायचे. पुढं कालव्याचं पाणी आलं, ऊस आला, वडील कारखान्यावर लागले आणि मेंढरं कमी होत होत आजोबांच्या करमणुकीपुरती उरली. आजोबा म्हणजे तात्याबा. घरात त्यांना सगळे आबा म्हणत. बिरोबाच्या देवळात ओव्या म्हणण्यात आबांचा हात धरणारा आसपासच्या गावांत कुणी नव्हता. आबा ओळ म्हणायचे आणि मागं बसलेले झेलकरी ती ओळ संपता संपता उचलून पुढं न्यायचे, म्हणजे आबांना श्वास घ्यायला सवड मिळायची. त्यांच्यात एक नियम होता, सोडलेली ओळ भुईवर पडू द्यायची नाही. पडली तर गाणारा उघडा पडतो आणि देवासमोर सगळ्यांची शोभा होते. दादासो लहान असताना त्याला झेलकऱ्यांत बसवलं होतं. त्यानं घाई केली. आबांची ओळ अजून तोंडातच असताना यानं उचलली, तीही लागोपाठ. दुसऱ्या दिवसापासून त्याला मेंढरांकडे बघायला ठेवलं. तेव्हापासून तो ओव्यांच्या वाटेला गेला नाही आणि ओव्यांनीही त्याला बोलावलं नाही.

त्या वर्षी कॉलेजात एक पत्रक लागलं. पुण्यातल्या एका संगीत संशोधन संस्थेला पदवीच्या मुलांपैकी एकाला वर्षभर आपल्याकडे ठेवून घ्यायचं होतं. राहायची सोय, ग्रंथालय, टेपरेकॉर्डर, मार्गदर्शन, सगळं त्यांचं. विषय मुलानं आणायचा, नमुन्याची टेप आणायची आणि समितीपुढं बोलायचं. दादासोनं ते पत्रक वाचलं आणि त्याची भूक गेली. आपल्या डोक्यातलं कुणाला तरी सांगायचं, आणि ऐकणाऱ्यांचं तेच काम असतं, अशी जागा जगात आहे हे त्याला पहिल्यांदाच कळत होतं. ती जागा त्याला हवी होती. इतकी हवी होती की त्यानं देवाला नवससुद्धा केला नाही, कारण देव बिरोबा, त्याचा पक्ष आबांकडचा.

संगीताचे भोईटे सर आनंदले. संगीत विभागाचे ते प्रमुखही होते आणि शिक्षकही तेच एकटे होते. त्यांनी विषय ठरवूनच टाकला होता. धनगराचा मुलगा, ओव्या म्हणणाऱ्याचा नातू, मग विषय कुठं शोधायला जायचाय? दादासो म्हणाला, सर, मला व्हिडिओ गेमच्या संगीतावर करायचंय. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग त्यांनी दादासोची तब्येत विचारली. पुढचा महिनाभर सर रोज त्याला समजावत होते आणि तो रोज मान डोलवून परत तेच म्हणत होता. अखेर अर्ज पाठवायचा दिवस आला तेव्हा सरांनी सही केली, पण पेनातली शाई संपत आल्यासारखं दाबून केली.

टेप पार्लरमध्ये होण्यासारखी नव्हती. तिथं एका वेळी सगळे डबे वाजायचे आणि पोरं एकमेकांच्या आईवडिलांचा उद्धार करायची. दादासोनं हिंदुरावला गळ घातली, आणि शनिवारी संध्याकाळी तो डबा आणि पाणबुडीच्या गेमची कॅसेट पिशवीत घेऊन गाडीत बसला. सोमवारी सकाळी परत द्यायच्या बोलीवर.

पाणबुडीच्या गेममधली तिसरी स्टेज म्हणजे समुद्राच्या तळाची गुहा. तिथली चाल दादासोला सगळ्यांत जास्त आवडायची. पण ती पुरी ऐकायची तर गुहेपर्यंत पोचायला हवं आणि पोचल्यावर जिवंत राहायला हवं. दादासोची पाणबुडी बंदरातच फुटत होती. अर्धा रविवार असा गेल्यावर त्याची आई तानूबाई भाकरीचा हात धुऊन आली आणि म्हणाली, आण इकडं. तिनं पाणबुडी अशी चालवली की बघणाऱ्याला वाटावं, बाईनं जन्म पाण्यात काढलाय. घाई नाही, गोळी झाडणं नाही, मासा आला की थांबायचं आणि गेला की निघायचं. उसाच्या पट्ट्यात पाणी धरताना ती अशीच चालायची. गुहेत एका खडकामागं तिनं पाणबुडी लावून ठेवली. तिथं कुणी येत नव्हतं. मग ती परत चुलीकडे गेली, दादासोनं टेपरेकॉर्डर टीव्हीजवळ सरकवला, बटण दाबलं आणि श्वास रोखून बसला. आबा त्याच खोलीत बाजेवर बसून सुपारी कातरत होते. कॅसेटची एक बाजू संपेपर्यंत तिसऱ्या स्टेजची चाल वाजत राहिली.

पुढचे दोन महिने दादासोनं ती टेप ऐकली. पेटी घेऊन एकेक सूर काढला, स्वरलिपी लिहिली, फाडली, परत लिहिली. आणि त्याला एक शोध लागला. चाल जिथं संपून परत सुरू होते तिथं एक छोटीशी शेपटी होती. खालच्या सुरात, जरा घोगरी, मागच्या सुराला धरून पुढच्या सुराच्या हातात देणारी. शेपटी नसती तर चाल दर फेरीला आपटली असती. शेपटीमुळं ती अलगद वळत होती. दादासोनं हीच आपल्या संशोधनाची मुख्य गोष्ट केली. शेवट नसलेलं गाणं कसं बांधतात याचं गुपित त्या जपानी माणसानं त्या शेपटीत ठेवलंय, असं त्यानं सुवाच्य अक्षरात लिहिलं. भोईटे सरांनाही ते वाचून पहिल्यांदा वाटलं की पोरगं अगदीच हुकलेलं नाही.

पुण्यात समितीत तिघं होते. मधल्या खुर्चीत एक पिकल्या केसांच्या बाई होत्या, त्याच संस्थेच्या संचालक. दादासो बोलला आणि चांगला बोलला. घरातली भाषा घरी ठेवून, पाठ केल्यासारखं न वाटता बोलला. दोघं पुरुष अधूनमधून हसले, पण त्यात खोट नव्हती. मग त्यानं टेप लावली आणि म्हणाला, आता शेपटी येईल, ऐका. शेपटी आली. बाईंनी हात वर केला, टेप मागं घ्यायला सांगितली, परत ऐकली.

"ही शेपटी माणूस गातोय," त्या म्हणाल्या.

दादासो म्हणाला, नाही मॅडम, मशीनच आहे. बाईंनी टेप पुढं चालू ठेवली. चाल परत आली, संपत आली, घोगरा सूर उठला आणि त्या सुराच्या शेवटी टेपवर कुणीतरी खोकलं. मशीन खोकत नाही हे दादासोलाही मान्य होतं. त्या खोकल्याला तो जन्मापासून ओळखत होता.

दोन महिने त्यानं ती टेप ऐकली होती आणि त्याला आबा ऐकू आले नव्हते. ज्या घरात सोडलेली ओळ कुणीतरी उचलतंच तिथं वाढलेल्या कानाला उचललेली ओळ ऐकू येत नाही, ती पुरी झालेली वाटते, इतकंच. हे त्याला नंतर उमगलं. त्या वेळी त्याला फक्त शरम वाटली. समोरच्या टेबलाखाली जाऊन बसावंसं वाटलं. जपानी माणसाचा म्हणून त्यानं आणलेला शोध बाजेवर बसून सुपारी खात होता.

बाईंनी विचारलं, हे कोण आहेत, आणि त्यांना गायला सांगितलं होतं का. दादासोनं सांगितलं, माझे आजोबा, आणि कुणीच सांगितलं नव्हतं, आमच्यात ओळ भुईवर पडू देत नाहीत. हे वाक्य त्याच्या तोंडून गेलं आणि तिन्ही खुर्च्या पुढं सरकल्या. पुढचा अर्धा तास ते त्याला विचारत होते आणि तो सांगत होता, झेलकरी किती असतात, कुठं बसतात, आधी कोण उचलतो. पाणबुडीचं नाव परत निघालं नाही. शेवटी बाई मनापासून म्हणाल्या की जागा तुझीच आहे, फक्त विषय बदल. ओव्यांवर कर. विचार करून आठवड्याभरात कळव.

भोईटे सरांनी ही बातमी ऐकून स्वतःच्या हातानं पेढे आणले. गावात कळलं, कारखान्यावर कळलं. दादासो घरी आला तो थेट आबांसमोर जाऊन उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा तो त्यांच्यावर चिडला होता. माझ्या टेपमध्ये गायची काय गरज होती, असं त्यानं विचारलं. आबा गोंधळले. त्यांना तो रविवार आठवायलाच वेळ लागला.

"मग काय करायचं?" ते म्हणाले. "ते बिचारं म्हणतंय, म्हणतंय, आन कुणी उचलंना. गप बसवंना मला."

तानूबाईनं तोवर ताट वाढलं होतं. ती म्हणाली, पोरा, झालं ते चांगल्यासाठीच झालं, तुला जागा तर मिळाली. दादासोनं तिला जागेची अट सांगितली. तिला त्यात अडचण दिसेना. घरचंच गाणं, घरचाच माणूस. आबांना मात्र दिसली. त्यांनी हातातला घास तसाच ठेवला.

"तुला माज्या ओव्यांचा नाद न्हाय," ते म्हणाले. "आजवर तसं खोटं कदी बोलला न्हाईस. आता पुण्यात जाऊन वरीसभर कशाला बोलतुस? माज्या मागं धा-बारा गडी हायती झेलायला. त्या डब्यातल्याच्या मागं कोण हाय?"

दादासोला वाईट वाटलं, कारण आबांना हे इतके दिवस ठाऊक होतं आणि त्यांनी कधी बोलून दाखवलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो कॉलेजला न जाता हिंदुरावच्या गाळ्यात गेला. गुहेपर्यंत पोचलेल्या एका पोरामागं उभा राहून त्यानं तिसऱ्या स्टेजची चाल ऐकली. शेपटी नव्हती. चाल टोकाला यायची, सरळ भुईवर पडायची आणि उठून पहिल्यापासून चालू लागायची. परत पडायची, परत उठायची. तिला कुणी झेलेल अशी अपेक्षाच नव्हती. दादासोला ती आधीपेक्षा जास्त आवडली. त्यानं तिथंच पोस्टकार्ड मागून घेतलं आणि समितीला लिहिलं की माझी चूक झाली, शेपटी माझ्या आजोबांची आहे, चालीला शेपटी नाही, आणि विषय तोच ठेवायची परवानगी असावी. भोईटे सरांना कळलं तेव्हा त्यांनी परत त्याची तब्येत विचारली.

परवानगी आली नाही. बाईंचं पत्र आलं, ते सभ्य होतं आणि त्यात खंत होती. जागा पुण्यातल्याच श्रेया नावाच्या मुलीला मिळाली. तिनं विषय घेतला तो धनगरी ओव्यांचा, आणि बाईंनी तिला पत्ता दिला तो सणसरचा. दादासोला हे ऐकून हसू आलं. मग तो शेतात जाऊन बराच वेळ एकटा बसला. तिथं त्याला हसू आलं नाही.

श्रेया हिवाळ्यात आली. मुलगी कष्टाळू होती, नम्र होती, आल्याबरोबर आबांच्या पाया पडली. तिच्यावर राग धरायला दादासोला काही कारण सापडेना, आणि त्यानं शोधलं नाही असं नाही. दुपारी बिरोबाच्या देवळात बैठक बसली. ढोल, झांजा, मागं झेलकरी, पुढं आबा, आणि त्यांच्यासमोर पुण्याचा टेपरेकॉर्डर. दादासोकडे चहाचं काम होतं. आबा तासभर म्हणत होते आणि झेलकऱ्यांनी एक ओळ खाली पडू दिली नाही. श्रेयानं विचारलं, आणखी काही वेगळी चाल आहे का, कमी म्हटली जाणारी? आबांनी थोडा विचार केला. मग त्यांनी ढोलवाल्याला थांबवलं आणि एकट्यानंच सुरुवात केली.

शब्द बिरोबाच्या बाळपणाचे होते. चाल तिसऱ्या स्टेजची होती.

दादासो किटली घेऊन दारात उभा होता तो तिथंच थांबला. आबांनी ती त्या एका रविवारी उचलली असणार आणि मेंढरांमागं फिरताना घोळवली असणार. त्यांनी ओळ सोडली. झेलकरी जन्माचे मुरलेले गडी, पण ती चाल त्यांच्या ओळखीची नव्हती. ती अर्ध्या मात्रेवर मागं वळते, माणूस अजून श्वासच घेत असतो तेव्हा. सगळे तोंड उघडून राहिले. ओळ पडली. आबांनी कसाबसा दम घेऊन दुसऱ्यांदा म्हटली. त्यांच्या मानेच्या शिरा दिसत होत्या. दुसऱ्यांदाही ती पडणार हे दिसत होतं, समोर देव होता आणि पुण्याची पाहुणी होती. दादासोला हे बघवेना. ती चाल कुठं वळते हे त्या देवळात फक्त त्यालाच ठाऊक होतं. त्यानं दारातूनच, हातात किटली तशीच धरून, शेपटी उचलली. घोगरी, खालच्या सुरात, अर्ध्या मात्रेवर. आबांनी मागं वळून बघितलं नाही. त्यांनी फक्त श्वास घेतला आणि पुढची ओळ म्हटली. दादासोचा ऊर भरून आला, त्याचे डोळेही भरले, हे लपवायचं कारण नाही. चहा गार झाला आणि कुणी मागितला नाही.

बैठक उठल्यावर श्रेयानं विचारलं, ही चाल किती जुनी असेल? आबा म्हणाले, आमच्या घरात हाय. दादासोला ते पटेना. त्यानं तिला बाजूला घेऊन सगळं खरं सांगितलं, डबा, पाणबुडी, गुहा, आईनं खडकामागं लावलेली पाणबुडी. मुलीनं ते नीट ऐकून घेतलं, हसली नाही. मग म्हणाली, मूळ चाल कुणी बांधली? कॅसेटवर तर नाव नसायचं. दादासोनं तेही खरं ते सांगितलं, की ठाऊक नाही. तिनं लिहिलं, कर्ता अज्ञात. यात खोडण्यासारखं दादासोलाही काही सापडलं नाही.

दीड वर्षानं तिचा प्रबंध बांधून तयार झाला आणि तिनं एक प्रत सणसरला पाठवली. तोवर दादासो बारामतीत एका शाळेत संगीताचा शिक्षक झाला होता, आणि स्टँडवर उतरला की अजून पाच मिनिटं हिंदुरावच्या गाळ्यात पाठ करून उभा राहायचा. प्रबंधात त्या चालीला आख्खं पान होतं. स्वरलिपी होती आणि शेवटी शेपटी होती, त्यानं स्वतः लिहिली होती तशीच, एका सुराचाही फरक नाही. आता मात्र ती बरोबर होती. व्हिडिओ गेमचं संगीत पुण्याच्या त्या संस्थेत पोचलं होतं, दादासोवाचून.

आबांनी पुस्तक मांडीवर घेतलं. वाचता येत नसल्यानं त्यांनी पानावरून नुसता हात फिरवला आणि विचारलं, ह्यात तुजं नाव कुठं हाय? दादासोनं बोटानं दाखवलं. मागं, झेलकऱ्यांच्या यादीत, सगळ्यांत शेवटी.

आबांनी त्या जागेवर बोट ठेवलं.

"मग बराबर हाय," ते म्हणाले. "ल्हान हुतास तवा लई लवकर उचलायचास."